तुंबडीबाबांचं मौन

कुंभार पिंपळगावच्या बाजारात भाजीपेक्षा तुंबडीबाबांपुढे गर्दी जास्त. बाबा गळ्याची गाठ पोकळ शिंगाने तोंडात ओढून ताटात थुंकत, लोक हात जोडत. ओढण्याआधी मात्र बाबांचं कडक मौन. तोवर त्यांचा चेला राधेश्याम दोघांच्या वाटचं बोले.

वच्छलाबाई लेकीला, रेणुकाला, धरून पुढे सरकली. पोरीचा घसा कधीचा दुखत होता. आता ताप चढला होता, मानेची एक बाजू सुजली होती आणि हाताला दोरीसारखी कडक शीर लागत होती. वच्छलाबाई दवाखान्यात न्यायचं म्हणत होती. पण नवरा धुळाजी म्हणाला, "दवाखान्यात कायला? बाबा बराबर काढतेत."

"नागीण हाय ही!" राधेश्याम ओरडला. "जल्दी काढा, न्हाईतर काळजाला डसंल!"

बाबांनी शिंग लावलं, डोळे फिरवले आणि ताटात काळपट लाल गोळा टाकला. लगेच मौन सुटलं. "खबरदार! शिवंल तो जागेवर खलास!"

धुळाजीच्या मागोमाग आलेल्या त्याच्या कुत्र्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने निम्मा गोळा मटकावला आणि शेपूट हलवत बाबांच्या तोंडाकडे बघत बसला.

वच्छलाबाईने उरलेला तुकडा कुस्करला, हुंगला. धनगराच्या घरची बाई ती. बकरं कापलं की रक्त थिजवून, उकडून त्याची रक्ती तीच करायची.

"अवं, ही तर रक्ती हाय! उकडेल बी हाय! महाराज, तोंडात ही धरून मौन व्हय?"

लोक खदाखदा हसले. धुळाजी हसला नाही. त्याचा हात लेकीच्या मानेवर होता आणि शीर तशीच कडक होती. त्याने तिला उचललं, जालन्याच्या जीपमध्ये घातलं.

जालन्यात डॉक्टर सुमेधांनी सोनोग्राफी केली. मानेच्या शिरेत खरंच रक्त गोठलं होतं.

"मंग बाबा खरंच बोलत व्हता की!" धुळाजी म्हणाला.

"गुठळी शिंगाने निघत नाही, काका. आणि ती उगाच होत नाही. हिच्या घशातला संसर्ग शिरेत उतरलाय. कुणाला शिरेत घातलेल्या नळीमुळे होते, कुणाचं रक्तच जास्त गोठतं, कुणाला आत कॅन्सर असतो. कारण शोधून त्यावर इलाज करावा लागतो. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला असता, तर..."

धुळाजी औषधांची चिठ्ठी घेऊन उठला.

रेणुका बरी झाली. पुढे परतूरच्या बाजारात मायलेकींना तेच बाबा दिसले. समोर सुजल्या मानेची म्हातारी, बाबांचं मौन. रेणुका पुढे झाली.

"महाराज, आधी आ करा."

बाबांनी गर्दीकडे पाहिलं आणि तोंडातला गोळा गिळून टाकला.

तेव्हा मंडळी, मान सुजली, ताप आला, तर तडक दवाखाना गाठा. आणि चमत्कार बघायचाच असेल, तर आधी तो करणाऱ्याला तोंड उघडायला सांगा.