मागून वापरलेली वाट

केप ब्रेटनच्या किनाऱ्यावरील त्या कोळीगावात एफी गिलिसचे वडील लॉकलन रँकिनच्या शेतातून धक्क्यावर जात असत. दर वसंतात, लॉब्स्टरचे पिंजरे पाण्यात सोडण्यापूर्वी, ते रमची बाटली घेऊन त्याच्या दारी उभे राहत व विचारत, "यंदाही जाऊ ना?" शेजाऱ्याला न विचारता त्याच्या भूमीत पाऊल टाकणे म्हणजे चोरीच, अशी त्या गावाची धारणा होती.

पुढे लॉकलनने कुंपण घातले व प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी निवाडा दिला की, वीस वर्षे न विचारता वापरलेली वाट हक्काची होते. मात्र विचारून वापरलेली वाट ही केवळ मेहेरबानी, व ती मालक केव्हाही परत घेऊ शकतो. सभ्यपणानेच वडिलांचा घात केला. हाय खाऊन ते त्याच हिवाळ्यात निवर्तले.

एफीने हॅलिफॅक्सला जाऊन कायद्याचे शिक्षण घेतले. तेथे प्रथम वर्षीच शिकविले गेले की, एका खटल्यात ठरलेले तत्त्व पुढील तशाच खटल्यालाही बंधनकारक ठरते, मग पक्षकार कोणीही असो. इतरांनी ते परीक्षेपुरते पाठ केले. एफीने ते निखाऱ्यासारखे जपले.

कालांतराने विधवा आत्याची जमीन तिच्या वाट्यास आली. लॉकलनच्या घराचा रस्ता त्याच जमिनीतून जात होता. एफीने तेथे साखळी लावली. लॉकलन वीस वर्षांचा हक्क सांगत न्यायालयात धावला.

एफी स्वतःच त्याची उलटतपासणी घेण्यास उठली.

"लॉकलनकाका, आत्याला विचारून जायचात, की तसेच घुसायचात?"

त्याचा वकील मोठ्याने खाकरला. मागील बाकांवर अवघे गाव बसले होते. 'न विचारता' एवढे म्हटले असते, तर रस्ता त्याचा होता; परंतु अब्रू गेली असती.

"ए पोरी, मला चोर समजलीस काय? दर नाताळला खारवलेला कॉड घेऊन जायचो तिच्याकडे!"

"मासा द्यायला?"

"जाऊ का, असं विचारायला! आमच्यात रीत असते म्हटलं!"

"मेलास रे म्हाताऱ्या!" मागून कोणीतरी पुटपुटले.

"बस्स काका. एवढंच हवं होतं," एफी म्हणाली, आणि तिने वडिलांविरुद्धचा तो निवाडा न्यायाधीशांपुढे ठेवला. त्यापुढे त्यांचाही इलाज नव्हता.

बाहेर पायरीवर लॉकलनने तिची बाही धरली. "एफी, अगं मी घरी जाऊ तरी कसा?"

"तुमच्या शेताला समुद्र लागतो की. खडकांवरून जा, ओहोटी बघून."

"गुडघे गेलेत गं माझे."

"मग सावकाश जा."

तिने बाही सोडवून घेतली. तिच्या अंतःकरणात दयेचा लवलेशही नव्हता, व तो असावा असे तिला वाटलेही नाही.