हा वाटा कुणाचा?

मी एक जुनी रापण आहे, काठाकडे ओढून आणायचं लांबलचक जाळं. खुंटीला लटकून लटकून माझा दोरा आता मऊ पडला आहे आणि एका कोपऱ्यात उंदरांनी संसार मांडला आहे. पण मित्रांनो, तुम्ही बसलाच आहात तर सांगते. घाई मात्र करू नका. रापण ओढायला वेळ लागतो, तसा तिचं ऐकायलाही लागतो.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका तळ्याकाठी झाला. तळं गोठलं की बायकांना विणायला सवड मिळते. ईडला आणि मान्दा या दोघी शेजारणी, दोघींच्या पाळण्यात एकेक मुलगा. पायाने पाळणा हलवायचा आणि हाताने गाठी मारायच्या, असे ते दिवस होते. माझा उजवा हात ईडलाने विणला, डावा मान्दाने. मधलं पोट, जिथे मासे येऊन साठतात, ते दोघींनी एका बाकावर बसून विणलं. एक ओळ हिची, एक ओळ तिची. ईडलाची गाठ घट्ट, तिच्या स्वभावासारखी. मान्दाची सैल. “तुझ्या गाठीतून बोकड निघून जाईल,” ईडला म्हणायची. “जाऊ दे, तुझ्या मेल्या गाठीत तर पाणीसुद्धा अडकतं,” मान्दा म्हणायची. बर्च झाडाच्या सालीच्या गुंडाळ्या मला वर तरंगत्या ठेवत, सालीत बांधलेले दगड खाली ओढत.

एका होडीने माझं काम होत नाही. दोन होड्या जोडीने निघतात, तळ्यात एकमेकींपासून लांब जातात, मला सोडत मोठा वेढा घालतात आणि पुन्हा काठाला येऊन भेटतात. मग दोन्हीकडचे लोक मला ओढत ओढत जवळ येतात. शेवटी तर खांद्याला खांदा लागतो.

दोघींचे नवरे लवकर गेले. एकाला झाडाने नेलं, दुसऱ्याला दारूने. मग वल्ही मुलांकडे आली. ईडलाचा वाल्फ्रिद आणि मान्दाचा ओन्नी. वाल्फ्रिद बडबड्या, ओन्नी मुकाट. दोघांचे चिखलाचे बूट माझ्याच दोरावर वाळत. मी तक्रार केली नाही.

काठावर वाटे पडत. मासे म्हणजे मुइक्कू, बोटाएवढे, चांदीसारखे. पाच ढीग. दोन बायांचे दोन, वल्हवणाऱ्या पोरांचे दोन, आणि एक माझा. हो, माझाही वाटा असे! तो विकून माझ्यासाठी सूत यायचं. भांडण नको म्हणून मान्दाचा सासरा, म्हातारा कुस्ता, ढिगांकडे पाठ करून दगडावर बसायचा. ईडला एका ढिगावर हात ठेवून विचारायची, “हा कुणाचा?” आणि कुस्ता न बघता एक नाव घ्यायचा. घेतलेलं नाव बदलायचं नाही.

“ओन्नीला दरवेळी मोठा ढीग कसा मिळतो हो बाबा?” ईडला टोचायची. “पाठीला डोळे लावलेत का?”

“पुढचे दोनच धड चालत नाहीत गं पोरी,” कुस्ता म्हणायचा, “पाठीला कुठून आणू?”

अशी अठरा-एकोणीस वर्षं गेली. माझं कौतुकही झालं. पलीकडच्या गावचे लोक मला मागायला येत. मग १९१८च्या थंडीत घरातलंच युद्ध आलं. देश एकच होता, पण माणसं लाल आणि पांढरी झाली; लाल मजुरांच्या बाजूचे, पांढरे सरकारच्या. वाल्फ्रिद लालांबरोबर गेला, ओन्नी पांढऱ्यांबरोबर. जायच्या आधी दोघांनी मिळून मला खुंटीवर नीट टांगलं. एकमेकांशी बोलले नाहीत, पण गाठ दोघांनी मारली.

ओन्नी एप्रिलमध्ये लढाईत पडला. पांढरे जिंकले होते, म्हणून त्याच्यासाठी चर्चची घंटा वाजली, झेंडा आला, दगडावर नाव कोरलं गेलं. ईडला दफनाला गेली नाही. कोणत्या तोंडाने जाणार? तिचा मुलगा लालांकडचा, आता पांढऱ्यांच्या कैदेत होता. छावणीत लोक भुकेने मरत होते.

जूनमध्ये ती मान्दाला शोधत इथे, या छपरात आली. म्हणून मला माहीत आहे.

“तुझा भाऊ कैद्यांचे दाखले लिहितो म्हणे,” ईडला म्हणाली. “वाल्फ्रिद नुसती लाकडं वाहत होता, एवढं लिहून दे म्हणावं. घरी सोडतील त्याला. तुझा एक शब्द पुरेल मान्दा.”

मान्दा माझी फाटकी कड हातात धरून उभी होती. मुलाला पुरून सहा आठवडे झाले होते. तिने ती कड घडी घालून खुंटीवर टाकली. मग म्हणाली, “उद्या बघू.”

उद्या आला तसे पुष्कळ आले. जुलैमध्ये छावणीतून कागद आला. वाल्फ्रिद गेला होता. कुठल्याशा वाळूच्या खड्ड्यात, इतरांबरोबर. घंटा नाही, दगड नाही. चर्चमध्ये त्याचं नाव वाचलं गेलं नाही, आणि गावातही कुणी घेईना. ईडलाच्या अंगणात लोक हवापाण्याबद्दल बोलून निघून जात.

दोघींचं बोलणं तुटलं. मी लटकत राहिले.

शरदात तळं माशांनी भरलं आणि घरात राय धान्याचं पीठ संपलं. एका सकाळी ईडला गोणी घेऊन छपरात आली. मागोमाग मान्दा आली. तिच्या हातात सुरी होती.

“माझा अर्धा भाग नेते,” ईडला म्हणाली.

“ने की. मीही त्यासाठीच आले.”

मला खाली पसरलं गेलं. मित्रांनो, त्या क्षणाबद्दल मी फार सांगणार नाही. हात कापायला सोपे होते. पोटाशी मात्र सुरी अडली. तिथे एक ओळ हिची, एक तिची.

“ही सैल ओळ माझी,” मान्दा पुटपुटली.

“म्हणूनच दरवर्षी तिथे भोक पडायचं,” ईडलाच्या तोंडून गेलं. तीन महिन्यांतलं ते पहिलं कामाबाहेरचं वाक्य, आणि तेही टोमणा!

दारात काठी वाजली. कुस्ता होता. “कापा,” तो म्हणाला, “पण आधी एकदा ओढा. अर्ध्या रापणीत वाराच सापडतो. निदान हिवाळ्याचं खारवून ठेवा, मग खुशाल कापा.”

सुरी खांबात रुतवून दोघी निघाल्या. एकेका होडीत एकेक बाई. दोन हात वल्हवायचे, मग थांबून मला सोडायचं, मग पुन्हा वल्ही. वेढा वाकडातिकडा झाला. शेवटच्या दहा हातांवर त्यांचे खांदे लागले, तेव्हा दोघी धापा टाकत होत्या, म्हणून बोलायचा प्रश्न नव्हता.

मासे बरे निघाले. ईडला खाली बसून वाटे पाडू लागली. कुस्ता पाठ करून दगडावर बसला.

“हा कुणाचा?”

“मान्दाचा.”

“हा कुणाचा?”

“रापणीचा.”

“हा?”

“तुझाच गं ईडला.”

इथे संपायला हवं होतं. पण ईडलाने खाली पाहिलं. तिच्या हातांनी सवयीने पाच ढीग घातले होते.

ती थिजली. पण हात चौथ्या ढिगावर पडलेला होता आणि तोंडातून शब्द गेला, “हा कुणाचा?”

कुस्ताची पाठ हलली नाही. तो म्हणाला, “ओन्नीचा.”

मान्दाने डोळे पुसले नाहीत, नुसती उभी राहिली. पाचवा ढीग तसाच पडला होता. ईडलाने पुढे झुकून तो आपल्या ढिगात लोटायला हात घातला.

“विचार,” मान्दा म्हणाली.

“नको. राहू दे.”

“विचार गं.”

“नाही माझ्याच्याने होत!”

मग मान्दा ओल्या वाळूत गुडघे टेकून बसली. पाचव्या ढिगावर तिने स्वतःचा हात ठेवला आणि तळ्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मामंजी, हा कुणाचा?”

“वाल्फ्रिदचा,” कुस्ताने सांगितलं. स्पष्ट, जसं चर्चमध्ये वाचतात तसं.

मग मान्दाने ते मासे ओंजळीने ईडलाच्या टोपलीत भरले. ईडलाने ओन्नीचे मान्दाच्या.

“मी उद्या म्हटलं होतं,” मान्दा म्हणाली.

“हो,” ईडला म्हणाली. “म्हटलं होतंस.”

एवढंच. गळाभेट वगैरे झाली नाही, आणि पूर्वीसारखं पुन्हा कधी झालं नाही. पण सुरी खांबातच गंजली. पुढे सतरा शरद त्या मला ओढत राहिल्या, कामापुरतं बोलत, पाच वाटे घालत.

मान्दा गेल्यावर एका मोठ्या माशाने माझा डावा हात फाडला. ईडला सांधायला बसली. तिने एक गाठ मारली, घट्ट. पाहिली. उसवली. मग सैल मारली. “कशी बाई बसायची हिची,” म्हणत पुन्हा पुन्हा मारत राहिली, बोकड निघून जाईल अशी. ती गाठ अजून माझ्या अंगावर आहे.

आता मला कुणी पाण्यात नेत नाही. मी दमलेही आहे. मागणं फार नाही, मित्रांनो. जाळं वापरलंत तर धुऊन सावलीत वाळवा. फाटलं तर त्याच दिवशी सांधा, उद्यावर टाकू नका. आणि वाटे घालताना एखादा जास्तीचा पडला, तर तो गुपचूप आपल्या ढिगात लोटू नका. त्याच्यावर हात ठेवा आणि मोठ्याने विचारा, हा कुणाचा?