जिन्यावरची पावलं

तिच्या गळ्यात मोजपट्टी सदा लटकलेली असे, म्हणून सगळी गल्ली तिला 'मोजपट्टी' म्हणायची. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर ती 'ताई' होती. तळमजल्यावर बसून कपडे शिवायची, चर्चमधली रविवारची उपासना कधी चुकवायची नाही आणि स्त्रीमंडळाच्या प्रार्थनेत पहिल्या रांगेत बसायची. शिवणयंत्र तिने अशा जागी मांडलं होतं, की जिना चढणारं मांजरसुद्धा तिच्या नजरेतून सुटू नये.

वरच्या मजल्यावर नवी भाडेकरू आली. पन्नाशीला टेकलेली, एकटी, दवाखान्यात नावं नोंदवून घ्यायच्या खिडकीवर कामाला. रविवारी देवळात यायची, मागच्या बाकावर बसायची. तिथवर ठीक होतं. पण महिन्याभरात तिच्याकडे पुरुष यायला लागले.

एक ट्रक चालवणारा. एक खाटीक. एक केस पिकलेला रखवालदार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एकेक जण यायचा, चोरासारखा मागेपुढे बघायचा, शर्टाच्या आत काहीतरी दडवलेलं असायचं, आणि पाऊण तासाने तसाच खाली मान घालून उतरायचा. वर पडदे ओढलेले.

मोजपट्टी यंत्र थांबवून कान टवकारायची. एकदा छतातून एक घोगरा आवाज आला. एकच अक्षर, चार-पाच वेळा, मंत्र म्हटल्यासारखं. मग त्या बाईचं दबकं हसू. पाणी कुठेतरी मुरत होतं.

"प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं, चहाडी म्हणून नाही," असं म्हणत तिने स्त्रीमंडळात सगळं ओतलं. त्या बाईसाठी प्रार्थना पाच मिनिटं झाली. तिच्याविषयी बोलणं अर्धा तास चाललं.

पाळकसाहेबांनी बाईला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "त्यात पाप नाही. पण कोण येतं, कशाला येतं, हे मी सांगणार नाही."

"सांगत नाही, यातच सगळं आलं," मोजपट्टी म्हणाली. तेवढ्यावर न थांबता ती घरमालकाच्याही कानावर घालून आली. मालकाने बाईला खोली सोडायला पंधरा दिवसांची मुदत दिली.

आणि मग मोजपट्टीला दादाचा संशय आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. लाकडाला पॉलिश करायचं काम करायचा. बाप गेला तेव्हा हा सात वर्षांचा. तेव्हापासून सुताराच्या हाताखाली राबून त्याने बहिणीला वाढवलं, शाळेत घातलं. लग्न केलं नाही. आता मात्र दर बुधवारी घासघासून हात धुवायचा, केस विंचरायचा आणि म्हणायचा, "जरा पाय मोकळे करून येतो." त्याचा डावा पाय किंचित घासत पडायचा. त्या बुधवारी ती घासती पावलं रस्त्याकडे गेली नाहीत. जिना चढून वर गेली.

हातातली कात्री तिथेच टाकून मोजपट्टी जिना चढली आणि दार न वाजवताच ढकलून आत शिरली.

टेबलाशी दादा बसला होता. जीभ दातांत धरलेली, पॉलिशने काळं पडलेलं बोट गीतांच्या पुस्तकावर. "कृ... कृ..." तो म्हणत होता. "कृ... पा." समोर ती बाई, हातात पेन्सिल.

दादाने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तुला... वाचता येत नाही?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "अरे, देवळात पुस्तक धरून गातोस की!"

"पान तू काढून देतेस. गाणी पाठ आहेत मला. तीस वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" दादा कडू हसला. "माणसाचं माप घेतल्याशिवाय तू कधी कुणाला दारात उभं केलंयस?"

ती त्या बाईकडे वळली. "तुम्ही पाळकसाहेबांना एवढं सांगितलं असतंत तर..."

"इथे येणाऱ्या प्रत्येकाला लाज वाटते, ताई. वाचायला शिकवते म्हटलं, की जिना चढताना दिसलेला प्रत्येक जण उघडा पडेल. कुणाचं नाव फुटणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"पण तुमचं नाव गेलं!"

"गेलं खरं," ती बाई म्हणाली आणि वही मिटली.

त्या दिवशी मोजपट्टी गुडघ्यांवर बसली, पण प्रार्थना जमेना. तोंड उघडलं की स्वतःचीच वकिली सुरू व्हायची: मला काय ठाऊक, दिसलं ते बोलले. मग तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं ती प्रभूसमोर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारीच घेऊन जात आली होती. "मला क्षमा कर" एवढंच ती शेवटी म्हणाली, आणि बराच वेळ रडली.

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली. "त्या बाईविषयी मी बोलले ते खोटं होतं. ती चांगली बाई आहे."

"मग ते पुरुष कशाला येतात?" बेकरीवालीने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "हिचा भाऊही जातो म्हणे वर." तशा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर फिरल्या. ती नजर तिच्या चांगल्याच ओळखीची होती. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं, आणि तिने ते गिळलं. दादाची लाज चव्हाट्यावर मांडून आपली अब्रू सोडवायची नव्हती.

मालकाने मात्र खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. त्याने हात वर केले. तेव्हा मोजपट्टी बाईकडे गेली. "राहायला कुठेही जा, पण शिकवायला माझ्या पुढच्या खोलीत या. सहानंतर यंत्र बंद ठेवते."

"लोक बोलतील."

"बोलू देत. मीही बोललेच होते."

"मी तुम्हांला लगेच माफ करीन असं समजू नका," बाई म्हणाली. "विचार करून सांगते."

आठ दिवसांनी ती आली. साडेसहाला खाटीक आला, दारातच मोजपट्टीला पाहून थबकला. "ही इथे असली तर मी नाही बसायचा," म्हणत तो माघारी वळला.

मोजपट्टीला झोंबलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने पावलं परत आली, बाहेर खुर्ची सरकली, मग एक जाड आवाज अक्षराशी झटू लागला. त्यातलं काही आपल्या कानी पडू नये म्हणून तिने नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.