चोख्ख्या हातांची खीर

वत्सलाबाईच्या खिरीचा वस्तीत डंका होता, आणि तो वाजवण्यात वत्सलाबाईचाच हात मोठा होता. माघ पौर्णिमेला विहारात खीरदानाची पाळी तिची होती. वर्षभर वाट पाहिलेली. वंदना झाली की विहाराचं काम पाहणारा भूपेंद्र माईकवरून दात्याचं नाव घ्यायचा, आणि ते नाव सगळ्या वस्तीला ऐकू जायचं. तिला ते ऐकायचं होतं, उगाच खोटं कशाला बोला!

नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मैदानावर, वीस वर्षं देठ खुडलेले तिचे हात. मिरची साबणाला दाद देत नाही. म्हणून खिरीआधी दोन दिवस ती कामाला जातच नसे. तेल आणि बेसन लावून हात घासत बसे. ज्या बाईने हा नियम मोडला तिची खीर लोकांनी ठसकत खाल्ली होती, आणि वत्सलाबाई ते अजून विसरू देत नव्हती.

त्या दुपारी पाच लिटर दुधाची किटली घेऊन ती पथारीवरूनच घरी निघाली. वाट तीच जवळची. तेवढ्यात आरडाओरडा झाला. तोरणमाळकडून कामाला आलेल्या एका पोरीचं तान्हं, जान्या, मिरचीच्या ढिगात रांगत गेलं होतं आणि तोंडाला हात लावून बसलं होतं. गाल, ओठ लालबुंद. आई धावली, पण तिचेही हात तिखट, चोळी तिखट. चाळीस बाया भोवती उभ्या, आणि एकीलाही लेकराला हात लावायची सोय नाही!

"आत्या, काय करूत वं?" वत्सलाबाईची सून रंजना तिथेच कामाला होती, ती रडकुंडीला आली.

"सरका. मन्हा हात चोख्खा शेतस." दोन दिवस बेसनाने घासलेले हात वत्सलाबाईने पुढे केले.

पाण्याने मिरची उतरत नाही, दुधाने उतरते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आधी झाकणभर घेतलं. मग वाटीभर. गाल, ओठ, बोटं. मग पाजायचं म्हणून आईचे हात, आईची छाती. किटलीचा तळ दिसला तेव्हा तिला माईकवरचं आपलं नाव आठवलं, अगदी खरं आठवलं. पण पोर अजून हुंदके देत होतं. दिवस कलेपर्यंत तिने त्याला मांडीवरून उतरवलं नाही. दुसरं घेणार कोण?

विहारात ती पोचली तेव्हा वंदना संपत आली होती. भूपेंद्र हळूच म्हणाला, "माय, खीर कोठे शे?"

दूध सांडलं म्हणावं, तर खोटं न बोलण्याचं शील रोजचं घेतलेलं. खरं सांगावं, तर ते मिरवल्यासारखं. जीभ वळवळत होती.

"दूध दी टाकं."

"कोनले?"

"जेले लागे तेले."

मागून रंजना ताडकन उठली. "मी सांगस! आत्यानी आज..."

"बस खाले!" वत्सलाबाईने तिचा पदर ओढला.

"मंग माईकवर नाव कोनं लेऊ?" भूपेंद्रने विचारलं.

तिने माईककडे पाहिलं. वर्षभर याच क्षणासाठी जीव टांगलेला होता.

"कोनंच नको लेऊ, भाऊ."

आणि ती बुद्धमूर्तीसमोर ताठ मानेने बसली. दानाचा गर्व धरू नये, हे तिला पाठ होतं. तिने मनापासून प्रयत्न केला. फुगलेली छाती काही खाली येईना.