छत्रीचं तोंड

"दक्षिणेला तोंड करून घरात काही बसवू नये, बाई. दिवा न्हाई, चूल न्हाई, झोपताना पाय बी न्हाई. आन तुमी तर एवढी मोठी छत्री बसवायलाव!"

राजूबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांची सून मंजुश्री अंगणात लेकीला, विजयश्रीला, कडेवर घेऊन उभी होती. वर माळवदावर बसवकल्याणहून आलेला बंडेप्पा डिशची छत्री पाइपाला आवळत होता. मंजुश्री बी.एस्सी. झालेली. ती हसली.

"आत्या, ही काय देवाची मूर्ती हाय व्हय? उपग्रह जिकडं हाय तिकडंच तिला बघावं लागतंय."

"असंल," राजूबाई म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

सासू 'असंल' म्हणून आत गेली म्हणजे विषय मिटला, असं मंजुश्रीला वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी वाटलं.

मंजुश्रीचा स्वभाव मुळात असा की कुठलीही वस्तू दिसली की ती कुठून पडेल हे तिला आधी दिसायचं. चुलीजवळचं पातेलं, न्हाणीतली बादली, विजयश्रीच्या मुठीतला खडा. पण सध्या तिला सगळ्यात जास्त काळजी होती ती सासऱ्यांची. राघोबांना मागच्या महिन्यापासून चक्कर येत होती. मान वर केली की आभाळ फिरायचं, एकदम वळलं की जमीन फिरायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "शिडी चढायची नाही." नवरा व्यंकट हैदराबादला नोकरीला. तो फोनवर रोज विचारायचा, "अप्पा वर चढले न्हाईत ना?" जणू मंजुश्रीच त्यांना खालून ढकलत होती.

आणि राघोबांचं सगळं आयुष्य त्या माळवदावर गेलेलं.

त्यांच्या मुडबी गावात टीव्ही आला त्या काळापासून पाइप फिरवण्यात राघोबांचा हात धरणारा कोणी नव्हता. काड्यांचा अँटेना गुलबर्ग्याकडं फिरवला की कानडी लागायचं, लातूरकडं फिरवला की मराठी. त्यासाठी त्यांनी पाइप मुद्दाम सैल ठेवलेला, खाली मूठसुद्धा बसवलेली. बंडेप्पानं नवी छत्री त्याच पाइपाला बांधली, तिची वायर खाली टीव्हीच्या नव्या डब्याला जोडली. पाइप फिरू नये म्हणून खाली लाकडाची पाचर ठोकली. जुना अँटेना काढायला निघाला तर राघोबा खालून ओरडले, "ऱ्हाऊ दे त्येला! त्येची बी वायर लाव डब्याला. एक बैल दमला तर दुसरा ओढंल."

"अण्णा, आता त्यात काय येत न्हाई."

"येत न्हाई ते न्हाई. जागा तर मोकळी हाय न्हवं डब्याला?"

दोन दिवस टीव्ही सुरेख चालला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राघोबा शेतीचा कार्यक्रम लावून बसले आणि पडदा निळा झाला. 'सिग्नल नाही.'

"मुंग्या बी न्हाईत!" राघोबा हबकले. जुन्या टीव्हीवर चित्र गेलं की निदान मुंग्या दिसायच्या. मुंग्या पातळ झाल्या म्हणजे चित्र जवळ आलं असं कळायचं. "ह्या निळ्यात काय कळतंय? मेलंय का झोपलंय?"

मंजुश्रीनं आधी राघोबांचा दुसरा बैल, म्हणजे जुन्या अँटेनाची वायर, उपटला. मग डब्यामागची वायर काढून पुसली, परत लावली, डबा बंद करून चालू केला. पडद्यावर सिग्नलच्या ताकदीची पट्टी थोडी दिसत होती, गुणवत्तेची पट्टी रिकामी. ती वळून सांगणार, तर मागची खुर्ची रिकामी.

"आलं का?" आवाज वरून आला.

ती रिमोट घेऊनच बाहेर धावली. राघोबा पाइपाच्या मुठीला धरून उभे होते, धोतराचा सोगा वाऱ्यावर. खाली विजयश्री शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून "आबा, मी! आबा, मी!" करत होती.

"मामा, खाली या! डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरच्या घरी टीव्ही हाय. आलं का बघ!"

शेजारच्या अक्कम्मा भिंतीवरून डोकावल्या. त्यांच्या घरी कानडी, यांच्या घरी मराठी, आणि भिंतीवरून दोन्ही. "मंजू, तू पोरीला धर. मी बघते," म्हणत त्या आत गेल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. वरून राघोबा पाइप तसूतसूनं फिरवायचे, आतून अक्कम्मा ओरडायच्या, "इल्ला, न्हाई... इल्ला... बंतु! आलं! अण्णा, होयतु! गेलं! मागं घ्या!"

शेवटी चित्र आलं. राघोबांनी मूठ सोडली, हात झटकले आणि वळले. वळल्याबरोबर त्यांनी पाइपाला मिठी मारली आणि डोळे मिटले. थोडा वेळ तसेच उभे राहिले. खाली मंजुश्रीनं शिडी घट्ट धरली. मग ते सावकाश उतरले आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "वारं सुटलंय जरा."

वारं सुटलेलं नव्हतं. धोतराचा सोगासुद्धा आता खाली लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मंजुश्रीनं बंडेप्पाला फोन लावला. "वैनी, छत्रीला कोण तर हात लावायलंय," तो म्हणाला.

"माकडं असतील?"

"माकड मोडून टाकतंय, फिरवत न्हाई."

दुरुस्ती नंतर, आधी माणूस वाचला पाहिजे, असं ठरवून मंजुश्रीनं शिडी कडब्याच्या गंजीमागं लपवली. राजूबाई सकाळी मिरच्या वाळवायला निघाल्या, त्यांनी शिडी शोधून काढली, वापरली आणि दुपारी सुनेच्या सांगण्यावरून परत लपवली. संध्याकाळी पडदा निळा. राघोबांना शिडी सापडली नाही. मंजुश्री निर्धास्त झाली, तेवढ्यात पलीकडून अक्कम्मांची किंकाळी आली.

"अण्णा! बीळतीरी! पडाल!"

राघोबा अक्कम्मांच्या जिन्यानं त्यांच्या स्लॅबवर गेले होते आणि मधला बोळ ओलांडायला एक पाय इकडच्या माळवदावर टाकून उभे होते. खाली बोळात दगड. एक पाय कानडीत, एक मराठीत, आणि मान खाली करावी तर चक्कर.

"मामा, हालू नका," मंजुश्री म्हणाली. अक्कम्मांनी मागून त्यांचं धोतर धरलं. "अक्का, सोड की, सुटंल!" राघोबा ओरडले. "सुटू दे! धोतर सुटलं तर लाज जाईल, तुमी सुटलाव तर जीव!" अक्कम्मांनी ओढलं आणि दोघं मागं स्लॅबवर आदळले. धोतरानं तेवढी लाज राखली.

त्या रात्री मंजुश्रीनं शिडी गपचूप जागेवर ठेवली. शिडीवरून पडण्यापेक्षा बोळात पडणं वाईट, असा तिचा हिशोब. पण आता तिला मुळाशी जायचं होतं. सकाळी ती विजयश्रीला भरवायचं निमित्त करून अक्कम्मांच्या स्लॅबवर टाकीआड जाऊन बसली.

राजूबाई मिरच्यांचं सूप घेऊन वर आल्या. मिरच्या पसरल्या. पदर खोचला. पाचर पायानं बाजूला केली, पाइपाची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि छत्री उगवतीकडं फिरवली, जात्याचा खुंटा फिरवावा तशी सवयीनं. मग छत्रीला बोटानं कुंकू लावलं आणि हात जोडले.

"आत्या!"

राजूबाई दचकल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तू तितं काय करायलीस? पोरीला ऊन लागंल."

"तुमी रोज फिरवायलाव?"

"मग? यमाकडं तोंड करून ठिवू व्हय? छत्री बसली आन दुसऱ्याच दिवशी व्यंकटची गाडी घसरली. मला सांगितलं न्हाईत तुमी. अक्कम्माच्या पोरानं सांगितलं."

व्यंकटचं कोपर खरचटलं होतं, आईला सांगू नको म्हणाला होता. म्हणजे काळजी लपवण्याची आणि काळजीनं भलतंच करण्याची सवय या घरात मंजुश्रीची एकटीची नव्हती.

"पण आत्या, तुमी फिरवली की मामा चढतेत. त्यांला चक्कर येते."

"मी सकाळी फिरवते. ते संध्याकाळी चढतेत. मी काय चढा म्हणते त्यांला? त्यांला चढायला निमित्तच लागतंय."

उपग्रह, लहरी, कोन, हे सगळं मंजुश्रीच्या जिभेवर आलं आणि तिनं गिळलं. तिनं मोबाइल काढला, दिशा दाखवणारं होकायंत्र उघडलं आणि बोळाच्या अलीकडूनच म्हणाली, "आत्या, छत्री बंडेप्पानं बसवली होती तशी फिरवा बरं. कुंकवासकट."

राजूबाईंनी फिरवली. मंजुश्रीनं मोबाइल त्याच अंगाला धरला. काटा नीट पूर्व-दक्षिणेच्या मध्ये. तिच्या मनात लख्ख प्रकाश पडला. "आत्या, ही दक्षिण न्हाईच. ही आग्नेय हाय. आपली चूल कुठल्या कोपऱ्यात हाय?"

राजूबाईंनी खाली स्वयंपाकघराच्या धुराड्याकडं पाहिलं, मग छत्रीकडं. दोन्ही एका ओळीत. "अग्नीचा कोपरा?"

"व्हय. विजेवर चालणारी वस्तू. अग्नीकडंच बघणार की."

राजूबाई पदर सोडून म्हणाल्या, "मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं हुतं? उगी उपग्रह उपग्रह करत बसलीस."

त्याच दिवशी बंडेप्पानं पाइपाला आरपार बोल्ट मारला. पडदा निळा व्हायचा थांबला. राजूबाई कानडी मालिका बघू लागल्या, मंजुश्री व्यंकटला "सगळं ठीक" म्हणू लागली. राघोबा मात्र दोन दिवस टीव्हीसमोर पाहुण्यासारखे बसले. शेतीचा कार्यक्रम स्वच्छ दिसत होता आणि त्यांना त्यात काही राम वाटत नव्हता.

मग अक्कम्मांनी तसलाच डबा आणि छत्री आणली. बंडेप्पाला यायला वेळ होता. अक्कम्मा भिंतीवरून सहज बोलून गेल्या, "अण्णा असते तर..." पुढचं वाक्य राघोबांनी अक्कम्मांच्या स्लॅबवर पोचूनच ऐकलं. त्यांनी छत्री लावली, आणि एका दमात लावली. ही बातमी रेवणसिद्धप्पाच्या किराणा दुकानात गेली. आता गावात कुणाचा पडदा निळा झाला की माणसं बंडेप्पाला फोन लावत नाहीत, राघोबांना चहाला बोलावतात. कपात चहा असतो आणि दाराआड शिडी.

मंजुश्री आज लेकीला घेऊन निंबर्ग्याला माहेरी आलीय. राजूबाईंना फोन केला तर त्या मालिकेत, म्हणाल्या, "हितंच हुते की आत्ता." अक्कम्मा फोन उचलत नाहीत. व्यंकटला सांगावं तर तो हैदराबादेत बसून घाबरणार.

म्हणून तुम्ही बसवकल्याणहून मुडबीवरून जाणार असाल तर तिचं एवढं काम करा. गाडी जरा हळू घ्या आणि गावातल्या माळवदांकडं एकदा बघून घ्या. पांढऱ्या धोतरातला म्हातारा पाइपाला धरून उभा दिसला तर मागून हाक मारू नका, ते गर्रकन वळतील. वळसा घालून समोर जा, हळू आवाजात सांगा, "अण्णा, आलं, आलं, चित्र आलं," आणि ते शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाय टेकेपर्यंत तिथून हलू नका.