मनकर्णा आणि गडावरचं तळं

समजा मुलांनो, तुम्ही नागभीडजवळच्या एका शाळेत चौथीत आहात. साल एकोणीसशे सत्तावन्न. धान कापून झालंय आणि बैलबंडीत बसून तुम्ही सहलीला निघालात. समोर पहाड, पहाडावर गोंड राजांचा जुना गड. आणि गडावर म्हणे बारा महिने पाण्याने भरलेलं एक तळं. सांगा बरं, तुम्ही पायथ्याशी बसून राहाल?

तुमच्याच वर्गातल्या मनकर्णाला तर ते तळंच पाहायचं होतं. तिचे वडील झिंगू हे गावच्या तलावात मासे धरत. पहाडावर पाणी टिकतं हे त्यांना पटेना. पाणी खाली धावते, वर काऊन राहीन, असं म्हणून ते हसले होते. मी पाहून येऊन सांगते, असं तिने त्यांना बजावलं होतं.

पण पायथ्याशी आल्यावर गुणवंतराव गुरुजींनी सांगितलं की मुलगे गड चढतील आणि मुली खाली थांबून भात-वरण रांधतील. मनकर्णाच्या मैत्रिणीने, कमळाने, मुकाट्याने तांदूळ निवडायला घेतले. वर्गातला रामाजी जाता जाता चिडवून गेला, "मने, माह्या भातात खडे नको ठेवू."

वाट दाखवायला जवळच्या पाड्यावरचे पोचूभाऊ आले होते. वाटेच्या तोंडाशी दगडांचा ढीग होता. वर जाणाऱ्याने त्यात आपला एक दगड ठेवायचा, म्हणजे पहाडाला विचारून गेल्यासारखं होतं, असं ते म्हणाले. एकेक मुलगा दगड ठेवून पुढे झाला. सगळ्यांच्या मागून मनकर्णा आली आणि तिनेही दगड ठेवला.

गुरुजींनी तिला मागे फिरायला सांगितलं. ती हलली नाही.

"पोचूभाऊ, पोरीचा दगड पहाडाले चालत नाई का?"

पोचूभाऊ हसले. "आमच्या बाया तं डिंकासाठी रोजच वर जातात. पहाडानं अजून कोणाले हटकलं नाई."

"आणि स्वयंपाक कोण करणार?" गुरुजींचा आवाज चढला.

"खाली आल्यावर सारे मिळून करू, गुरुजी," मनकर्णा म्हणाली. "पोरायले बी हात आहेत."

मुलगे खाली मान घालून हसले. दमलीस तर कोणी उचलून आणणार नाही, असं दरडावून गुरुजी पुढे निघाले. मनकर्णा चढू लागली. चढ खडा होता, गुडघा खरचटला, तरी ती चढत राहिली.

पडक्या दरवाजातून आत गेल्यावर तळं दिसलं. मनकर्णाने सवयीने मातीची पाळ शोधली. गावच्या तलावाला पाळ असते, तीच पाणी अडवते. इथे पाळ नव्हतीच. चारी बाजूंनी कातळानेच पाणी धरून ठेवलं होतं. तिने हात बुडवला. बोटांजवळून बारीक मासोळ्या सरकन निघून गेल्या.

गुरुजींचा राग आता निवळला होता. गडाची गोष्ट सांगायला त्यांनी सगळ्यांना सावलीत बसवलं.

"बस, मनकर्णा. पाहिलंस ना तुझं तळं?"

"मी पाह्यलं, गुरुजी. कमळीनं नाई पाह्यलं."

आता कोणी जागचं हलायचं नाही, गुरुजींनी बजावलं. मनकर्णाने ओले हात परकराला पुसले. "चला, पोचूभाऊ," ती म्हणाली, आणि आल्या वाटेने खाली उतरू लागली, कमळाला आणि बाकीच्या साऱ्या मुलींना वर घेऊन यायला.