छत्तीस आवर्तनं गप्प

आश्रुबा लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन धारूरच्या गुरांच्या दवाखान्यात पोचला, तेव्हा दार नुसतं ओढलेलं होतं आणि मागच्या खोलीत कुणीतरी कण्हत होतं. आवाज असा खोल, की अडलेली गाय असावी असं त्याला वाटलं. पण गाय अशी मध्येच गप्प होत नाही. आणि गप्प झाल्यावर पुटपुटत तर मुळीच नाही.

"बावीस, दोन, तीन, चार. तेवीस, दोन, तीन, चार..."

आश्रुबानं मेंढी खाली ठेवली आणि खिडकीतून डोकावलं. डॉक्टर स्वप्नाबाई खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांमध्ये मधाच्या रंगाचं भलंमोठं लाकडी वाद्य, त्याचा लोखंडी खिळा जमिनीवर टेकवलेला, हातात लांबडा गज. डोळे मिटलेले, ओठ हलते. त्यांनी एकदम गज ओढला, बाजूला मोबाइलवर चाललेल्या संगीताकडे कान दिला आणि कपाळावर हात मारला.

"परत लवकर!"

"बाई, त्याला काय झालंय?" आश्रुबानं विचारलं.

बाई दचकल्या आणि मग हसल्या. "त्याला काही नाही झालं, मामा. मलाच झालंय. आणा ती मेंढी."

खुरातला बाभळीचा काटा काढता काढता त्यांनी सगळं सांगितलं. वाद्याचं नाव चेलो. पुण्याच्या गुरुजींकडून सहा वर्षं मोबाइलवर शिकणं चाललेलं. रविवारी पुण्यात चाळीस जणांचा ऑर्केस्ट्रा वाजणार होता.

"नारायणगडाच्या जत्रंत येतो तसला?"

"तसला नाही. यात कुणी गात नाही. मधे छत्तीस आवर्तनं मी गप्प बसायचं आणि मग एकटीनं सुरू करायचं. मागच्या तालमीत आधीच सुरू केलं. चाळीस माना वळल्या. ऑर्केस्ट्राचे सर म्हणाले, शनिवारच्या तालमीत पुन्हा चुकलं तर रविवारी खाली प्रेक्षकांत बसून ऐका."

"सहा वर्सं शिकून खाली?"

बाईंनी मान खाली घालून पट्टी बांधली. आश्रुबा तोवर गज निरखत होता. "ही तार कशाची?"

"घोड्याच्या शेपटीचे केस."

"घोड्याचंच कावून? बोकडाचं न्हाई चालत?"

"बोकडाची शेपटी केवढी, मामा!"

"आमची घोडी हाय पांढरी," आश्रुबा स्वतःशीच म्हणाला. पण त्याच्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. "गप्प बसायला मोजावं कावून लागतं? गेल्या साली तुमी मेंढरं मोजायला आलता. मोजू दिली का म्या?"

"नाही. मोजली की घटतात म्हणालात. मी बांधाआडून मोजली."

"तरीच ही लंगडली!"

बाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "मग एखादी हरवली तर कळतं कसं तुम्हाला?"

"त्यात काय! सकाळी जाळीतून निघताना आधी घंटीवाली येती. तिच्यामागं कानतुटी. मग दोघी भनी, त्या येगळ्या येतच न्हाईत. मग खोकणारा म्हातारा एडका. त्याचा खोकला आला न्हाई, तर म्या पाऊल उचलत न्हाई."

बाईंनी झटकन हात पुसले. मग त्यांनी मोबाइलवरचं संगीत मागे नेलं. "मामा, माझ्या आधी कोण येतं, सांगा बरं."

आश्रुबा मांडी घालून बसला. डोळे बारीक केले. "ही बारीक, पाव्यासारखी. ही तुमची घंटीवाली. ह्या दोघी भनी. आता... हा जाडा. खोकतोय बघा! मग सगळी थांबली. आन् मग?"

"मग मी," बाई हळूच म्हणाल्या. शंभरदा ऐकलं होतं त्यांनी, पण दर वेळी त्यावर आकडे म्हणत.

त्यांनी गज उचलला, पण पहिल्या खेपेला ओठ पुन्हा हलले. "व्हट मिटा!" आश्रुबा खेकसला. दुसऱ्यांदा जाडा खोकला, सगळे थांबले आणि चेलो नेमका त्या जागी उठला.

मंगळवारी बाई मेंढीची पट्टी बदलायला स्वतः माळावरच्या मेंढरांच्या वाड्यावर आल्या. आश्रुबानं रामराम घालायच्या आत विचारलं, "खाली का वर?"

"वर." बाईंनी रविवारचं वादन लावून मोबाइल पुढे केला.

सुंदरबाई, आश्रुबाची कारभारीण, भाकरी थापायची थांबली. पाव्यासारखी आली, दोघी बहिणी आल्या. जाडा खोकला. सगळं शांत झालं. मग तो खोल आवाज उठला आणि लंगड्या मेंढीनं कान वळवले.

"ही आपली का वो?" सुंदरबाईनं विचारलं.

"आपलीच," आश्रुबा म्हणाला.

मग त्यानं कनातीच्या खुंटीवरचं फडकं सोडलं. आत धुऊन विंचरलेली पांढऱ्या केसांची जुडी होती. झाडाखालची घोडी पाठमोरी उभी होती. तिची शेपटी एका बाजूनं विरळ दिसत होती.

"हे लावून वाजवा एकदा," तो म्हणाला. "बघू तरी कसं वाजतं."